तोरण तुटायच्या आत

दादर, मुंबई
१० जून २००७

बाबा,

पत्राच्या सुरुवातीले काय लिहायचं असते ते गुरुजीनं सातवीत शिकवलं होतं. पण तुमी माह्याशी बोलतच नाही, तर माहा नमस्कार घेऊन काय कराल? तो मायले द्या. बाकीचं तुमी वाचा. हळू वाचा, घाई नाही. अक्षर माहंच आहे, कोणाकडून लिहून घेतलं नाही.

मी बरा आहे. सकाऊन फुलबाजारात फुलानं भरलेले हारे उचलतो. इथला झेंडू आपल्या वावरातल्या झेंडूपुढं शर्टाच्या बटनाएवढा दिसते, तरी लोकं त्याले वा वा म्हणून घेऊन जातात. दुपारून वर्ग असते. तुमी ज्याले जोकराची शाळा म्हणलं होतं, तोच. त्याचं खरं नाव विनोद लेखन आणि सादरीकरण प्रशिक्षण वर्ग असं आहे, बाहेर बोर्डही आहे. सगळे कॉलेज शिकलेले. एक तर दाताचा डॉक्टर आहे, तो दवाखाना बंद करून हसवायले शिकून राहिला. मी त्याले म्हणलं, डॉक्टर, तुमच्याकडं लोकं आपणच तोंड उघडून बसत होते, इथं काहून आले? सगळे हसले. मॅडम हसल्या नाही.

मॅडमचं नाव कहकशाँ. मोठमोठ्या नाटकात काम केलेल्या बाई. त्या म्हणतात, "हसू नका. हसू का आलं ते सांगा." मग एक जण गंमत करते अन् बाकीचे कपाळाले आठ्या घालून कारणं सांगतात. तुमी पाह्यलं असतं तर म्हणले असते, हे तं तेरवीच्या पंगतीत भाजीची वाट पाहून राह्यले. पहिले पहिले आमाले नुसतं पडायलेच शिकवलं. पडण्यात गंमत नसते म्हणे, पडायच्या आधी माणूस कुठं पाहते त्यात असते. माहे दोन्ही गुडघे सोलले.

आता कामाचं लिहितो. मी वर्गात सगळ्यात मागं आहे. मॅडम म्हणल्या, तुझ्या गावचं काही आणून दाखव, नाही तर तुझं नाव काढून टाकावं लागेल. मी झडतीचं सांगतलं. पोळ्याच्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानाचं तोरण बांधतात, त्याच्याखाली बैलं उभे करतात, अन् तोरण तुटेस्तोवर या बाजूचा माणूस त्या बाजूच्याचे वाभाडे काढते, त्या बाजूचा याचे. यमक जुळवून. तोरणाखाली कोणी कोणाचा राग धरत नाही. अन् आलेल्या झडतीले उत्तर दिल्याशिवाय माणूस घरी जात नाही, मग झडती टाकणारा दुश्मन का असेना. हा नियम तुमीच मले शिकवला. अख्ख्या भातकुली तालुक्यात वामनरावासारखा झडतीवाला नाही, हे मी वर्गात सांगून बसलो. त्यायचा विश्वास नाही बसला.

म्हणून ही घ्या:

तरोट्याची भाजी, तिले लसनाची फोडनी,
वामनरावाची जीभ हरपली, गावभर झाली शोधनी.
घरात पाह्यलं, वावरात पाह्यलं, भेटली नाही काही,
मांजर घेऊन पळाली म्हने, समजून दुधाची साई!
हर हर महादेव!

जवाबी कार्ड जोडलं आहे. पत्ता मीच लिहून ठेवला. बोलायची गरज नाही, फक्त उत्तर लिहायचं.

तुमचा
अवधूत

झेंडूवर फवारा मारायचा असेल तर तुमी नका मारू. साजिद फुलं न्यायले येते तवा त्याच्या हातानं मारून घ्या. औषधाचा डबाही त्याच्याच गाडीत राहू द्या. तुमच्या डोळ्याले ते लागते, म्हणून म्हणतो. बाकी काही नाही.


दादर
२४ जून २००७

बाबा,

कार्ड भेटलं. वर चिरंजीव नाही, खाली आशीर्वाद नाही, सहीसुद्धा नाही. पण काय कार्ड होतं!

मुंबईचा बाजार मोठा, त्यात फुलाचा भारा,
माह्या पोराच्या डोक्यावर हारा, अन् डोक्यात निसता वारा.
मांजरीनं जीभ नेली, पन दात नाही नेले,
चावीन तवा इचारशीन, कुत्रे कवा आले!

मी ते वर्गात वाचलं. हसायले मनाई असून पोरं हसले, अन् कारण सांगायचं कोणाले सुचलं नाही. मॅडमनं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं करून पाह्यलं. म्हणल्या, "तुझे वडील हे तुला लिहितात?" म्हणलं, हो. "आणि तू रागावत नाहीस?" म्हणलं, मॅडम, पाच महिन्यात पहिल्यांदा त्यायनं मले काही म्हणलं, मी काहून रागावू?

साजिदनं फोनवर सांगतलं की कार्ड त्याच्याच हातानं पोस्टाच्या डब्यात पडलं. "अबे अवध्या, चाचा ने कार्ड मेरे हाथ में दिया. मैं बोला, चाचा, बेटे कू लिखे क्या? तो बोले, बेट्याले काहून लिहू? झडतीचं उत्तर हाय, ठेवता येत नाही." असा हसला तो! मग म्हणे, "पन यार, चाचा बोले इतनी लंबी बात, मैं तो गाडी लगाना भूल गया." मी त्याले विचारलं, अजून वावरातल्या इहिरीवर एकटेच बसतात काय? तो म्हणे, "बैठते. लेकिन अब होंठ हिलते हैं."

खुशालकाका असते तर त्यायनं या झडतीवर... जाऊ द्या. मॅडमले मी त्यायचं सांगतलं नाही. इतकंच सांगतलं की झडतीले जोडीदार लागते, बाबाचा जोडीदार शेजारच्या वावरातला होता, वांगे लावायचा, अन् आता नाही. मॅडमनं पुढं विचारलं नाही. मागच्या उन्हाळ्यात काकानं आपल्या हातानं काय केलं ते मी कोणाले सांगत नाही. अन् मागच्या पोळ्याचंही सांगत नाही. तुमी तोरणाखाली गेले, कमरेवर हात ठेवले, समोर पाह्यलं, तर काकाची जागा लोकायनं तशीच मोकळी ठेवलेली. कोणाची तिथं पाय ठेवायची हिंमत झाली नाही. तुमी तोंड उघडलं, मिटलं, अन् बैल घेऊन घरी आले. तवापासून घरात तुमचा आवाज नाही, पाच महिन्यामागं मी निघालो तवा जोकराची शाळा म्हणलं तेवढंच.

लिहिणार नाही म्हणलं अन् लिहिलं. खोडलं तर कागद खराब होईल.

ही दुसरी घ्या. मायच्या हातची आंबाडी अन् तुमचं धोतर, दोन्हीवर आहे. माय वाचून मारायले धावेल, पण मी इथं आहे. मॅडम अजून नाराजच आहेत माह्यावर. उत्तर लवकर पाठवा, नाही तर माहं नाव कटते.

अवधूत


दादर
१५ जुलै २००७

बाबा,

धोतराचं उत्तर पोचलं. मायनं त्यात आपल्याकडूनही एक ओळ घातली असं वाटते, कारण इतकं वाईट तुमी नाही लिहीत.

तुमी पहिल्यांदाच झडतीच्या खाली साधं वाक्य लिहिलं: "जेवतो काय?" जेवतो बाबा. चार जणायत खोली आहे, एक जण खिचडी बरी करते. पण मनापासून विचारलं असेल तर सांगतो, घास तोंडात असते अन् फोन वाजते, तवा मी तो गिळू का थुंकू समजत नाही. साजिदचं नाव दिसलं की मी पहिले हात पुसतो. ओला हात नसला तरी पुसतो. मग फोन उचलतो. तो बिचारा फुलायचा भाव सांगायले करते.

फुलबाजारात हार बांधायले जुने पेपर येतात. कोणत्या गठ्ठ्यात आपल्याकडचे पानंही येतात. अमरावती, अकोला, यवतमाळ असं वर दिसलं अन् खाली कोण्या शेतकऱ्याची बातमी असली की मी पहिले गावाचं नाव वाचतो, मग वय वाचतो, अन् मगच त्यात फुलं गुंडाळतो. शेठ ओरडते, "अबे, वाचायले ठेवलं काय तुले?" मी म्हणतो, शेठ, शब्द जोडून वाचायची प्रॅक्टिस करून राहिलो. त्याले ते खरं वाटते.

वर्गात या आठवड्यात भेवावर शिकवलं. मॅडम म्हणल्या, घाबरलेला माणूस उगाच बडबड करते, नको तिथं नेमकं बोलते, अन् जे म्हणायचं नाही त्याच्याभोवती फिरत राहते. लोकं त्याच्यातच हसतात. मग प्रत्येकाले विचारलं, तुला कशाचं भेव वाटतं? दाताच्या डॉक्टरले उंचीचं, एका पोरीले पालीचं. माही पाळी आली. मी म्हणलं, मले कशाचंच वाटत नाही.

मॅडम म्हणल्या, "पाहा, हा सगळ्यात मोठा विनोद झाला."

तुमी इहिरीवर बसता तवा पाय बाहेरच्या बाजूनं ठेवत जा. काठावरची माती पावसात भुसभुशीत होते.

अवधूत


दादर
२९ जुलै २००७

बाबा,

झडत्या संपल्या. खरंच संपल्या. कालपासून पेन चावून राहिलो, माह्या डोक्यात खरंच वारा आहे. तुमचं कार्ड येऊन पडलं आहे अन् माह्याकडं टाकायले काही नाही. पत्र नाही टाकलं तर तुमी उत्तर देणार नाही, अन् तुमी उत्तर नाही दिलं तर

तर माहं नाव कटते. तेच.

म्हणून एक जुनी टाकून राहिलो. कोणाची ते लिहीत नाही, तुमाले मालूम आहे. दोन पोळ्यांआधीची. इतकी भारी झडती मी आपल्या वेशीत ऐकली नाही. काका पोट पुढं काढून वाकले होते, डोळ्यावर हात धरून इहिरीत पाहून राहिल्यासारखे. अख्खं गाव लोळत होतं. तुमी उत्तराले तोंड उघडलं अन् नेमका नत्थुजीचा गोऱ्हा बुजला, दोर ओढला गेला, तोरण तुटलं. उत्तर राहूनच गेलं. ते मले पाहिजे. आमच्या परीक्षेच्या प्रयोगात घालीन म्हणतो.

खोल इहीर, तुटका दोर, पोहरा गेला तळाले,
सांग वामन्या, कोन उतरते, हात द्यायले गड्याले?

इतकीच आहे. दोनच ओळी.

वाट पाहतो.

अवधूत


दादर
२ ऑगस्ट २००७

बाबा,

आधीचं पत्र आलं असेल तर वाचू नका. वाचलं असेल तर विसरा. साजिदले फोन केला की पोस्टमनकडून घेऊन ठेव. तो म्हणे, "पोस्टमन तो कल ही दे गया यार. क्या हुआ?" मी त्याले काय सांगू?

काल वर्गात मी तीच झडती केली. दोर नाही, पोहरा नाही, सगळं हातानं. काकासारखं पोट काढलं, वाकलो, काकाचाच आवाज काढला. पोरं लोळले. दाताचा डॉक्टर खुर्चीवरून पडला, अन् न शिकवता बरोबर पडला. मॅडम नाही हसल्या. म्हणल्या, "फिर से. आवाज़ मत बदल. हात मत हिला. बस बोल."

मी सरळ उभा राहून दोन ओळी म्हणल्या. डॉक्टर खुर्ची उचलता उचलता थांबला.

"हे कोणी विचारलं होतं?"

म्हणलं, "होता एक जण."

"त्याला उत्तर काय मिळालं?"

म्हणलं, "नाही मिळालं. तोरण तुटलं."

"तो कुठं असतो आता?"

बाबा, मी जाऊन आपल्या जागेवर बसलो. दोन सालापासून ती झडती माह्या डोक्यात आहे, आंघोळ करताना म्हणतो, हारे उचलताना म्हणतो, हसतो. अन् काल मले ती पहिल्यांदा ऐकू आली. काका गंमत नव्हते करून राह्यले. भर गावात, बैलायच्या समोर, त्यायनं तुमाले सरळ सरळ विचारलं होतं. अन् आमी सगळे हसलो. तुमाले हे कवा समजलं? उन्हाळ्यात, त्या दिवशीच समजलं काय? म्हणून बोलणं सोडलं?

अन् मी काय केलं, तर तेच पाकिटात घालून तुमच्या हातात दिलं.

लहानपणी माय सांगायची की मेलेल्या माणसाची झडती कोणी तोंडी घेऊ नये. घेतली तर तो उत्तर मागायले येते, अन् जोडीदाराले सोबत घेऊन जाते. मी मोठा झालो, मुंबईत राहतो, असल्या गोष्टी मानत नाही. तरी काल संध्याकाळपासून मी नाक्यावरच्या मारुतीले दोनदा जाऊन आलो.

एक खरं सांगतो. माहं नाव कोणी कापून नव्हतं राहिलं. मॅडम मले पहिल्या रांगेत बसवतात. ते सगळं मी बनवून लिहिलं. तुमी आपलं दर पंधरवड्याले काही ना काही लिहीत राहावं, म्हणून. तुमच्या मनात पुढच्या कार्डाचा विचार असला तर दुसरा विचार येणार नाही, असं मले वाटलं.

कशाचा दुसरा विचार ते लिहीत नाही.

उत्तर देऊ नका बाबा. यावेळी नियम मोडा. मायजवळ बसा.

अवधूत


४ ऑगस्ट, दुपार

बाबा,

तुमी कुठं आहे ते कोणाले मालूम नाही. तरी तुमालेच लिहून राहिलो, दुसरं कोणाले लिहू?

मी मंचावर होतो. दाताचा डॉक्टर अन् मी, एक नवरा अन् एक सासरा करून राहिलो होतो. आमच्या वर्गाचा नियम आहे की मंचावर जे होईल त्याले हो म्हणायचं, थांबायचं नाही, त्याच्यातच घ्यायचं. माहा फोन वाजला. बंद करायचा राहिला होता. मॅडमनं खालून खूण केली, घे, खेळात घे.

मी घेतला. साजिद होता. जे ऐकलं ते मी मोठ्यानं म्हणत गेलो, कारण नियम आहे.

"काय? बाबा घरी नाही?"

पोरं हसले. त्यायले वाटलं सासरा पळाला.

"सकाळपासून? चप्पल? चप्पल घालून गेले की ठेवून गेले?"

अजून हसले. डॉक्टर म्हणे, "आमच्याकडं तर चप्पल ठेवूनच जातात!" त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, त्याले वाटलं मी छान करून राहिलो.

"इहिरीत पाह्यलं?"

टाळ्या पडल्या बाबा. मी हात जोडून थांबा म्हणलं तर त्यालेही टाळ्या पडल्या. मग मी खाली बसलो. पडलो नाही, बसलो. मॅडम उठून मंचावर आल्या अन् त्यायनं माह्या हातातला फोन घेऊन आपल्या कानाले लावला.

आता बाहेर पायरीवर बसलो आहे. साजिदनं सांगतलं ते असं: तुमी सकाऊन आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, माहं पत्र खिशात घातलं, मायले काहीच न बोलता गेले. चप्पल घालून गेले. मी तेच धरून बसलो आहे की चप्पल घालून गेले. औषधाचा डबा साजिदकडं आहे, त्यानं शपथ घेऊन सांगतलं. "डब्बा मेरे पास है, अम्मी की कसम. तू डर मत." असं तो तीन-तीनदा म्हणला. नत्थुजी अन् पोरं वावरात गेले. पोहरे काढायचा गळ असते नं, तो आणायले एकाले पाठवलं.

गळ कशाले ते मी विचारलं नाही.

मॅडम चहा घेऊन आल्या. मी म्हणलं, मॅडम, मीच लिहून पाठवलं. त्या म्हणल्या, "चहा पी." बाजूले बसून आहेत.

फोनच्या बॅटरीची एकच कांडी राहिली. बोलायले वापरू की वाजायले ठेवू? वाजायले ठेवली.

तुमी बंडीच्या चाकाखाली दगड लावायले मले शिकवलं, कलम बांधायले शिकवलं, अन् शिव्या यमकात बसवायले शिकवलं. वाट कशी पाहायची ते नाही शिकवलं. कागद मांडीवर आहे, अक्षर समजून घ्या. तुमी वाचालच. चप्पल घालून गेलेला माणूस वाचतेच घरी येऊन. वाचाल नं? मी चुकीचं बोलतो काय? चुकीचं असेल तर येऊन मारा मले. वेशीत, सगळ्यायसमोर. मी हूं म्हणणार नाही.

बाबा. बाबा.


त्याच दिवशी, दिवे लागताना

अकोल्याच्या एस.टी.तून उतरले!

फोन वाजला, मी हात नाही पुसले.


दादर
१ सप्टेंबर २००७

बाबा,

चार आठवडे तुमचं कार्ड नव्हतं. मीही पत्र टाकलं नाही, भेवच वाटे; त्या दिवशी पायरीवर लिहिलेलं याच पाकिटात आहे. साजिदले विचारलं तर म्हणे, "चाचा काम में है. झेंडू में चलते-चलते बडबडते, फिर खुद ही सिर हिलाते, जम नहीं रहा बोल के."

त्या दिवशीची सगळी गोष्ट त्यानंच सांगतली. तुमी अकोल्याले जठारपेठेत गेले होते, खुशालकाकाच्या रुख्मिणीकाकूच्या भावाच्या घरी. काकामागं काकू तिथं राहायले गेल्यापासून आपल्या गावचं कोणी तिकडं फिरकलं नव्हतं, म्हणून तुमाले दारात पाहून त्या पहिले आतच पळाल्या म्हणे. तुमी माहं पत्र खिशातून काढून त्यायच्यासमोर ठेवलं अन् म्हणलं, "वहिनी, तुह्या मानसानं मले इचारलं होतं. मले समजलं नाही, मी हसलो. आता तेच माहं पोरगं इचारून राह्यलं. खुशाल त्या साली कसा वागे, काय बोले, खाय काय, झोपे काय, सगळं सांग मले. यावेळी मले चुकायचं नाही."

हे ऐकलं तवा मी बाजारात होतो. हारा खाली ठेवला.

म्हणजे तुमाले वाटलं की मीच इहिरीत आहो. मी एकटा, परक्या गावात, नाव कटून राहिलं, जेवण धड नाही, झडत्या संपल्या, अन् मग ते दोन ओळीचं पत्र. मी इथं तुमच्यासाठी पेपरातले गावं वाचून राहिलो होतो अन् तुमी तिथं माह्यासाठी कार्डं लिहून राहिले होते. म्हणून रोज होठ हालत होते. म्हणून विचारलं, जेवतो काय.

साजिद म्हणे, तुमी घरी आले तवा मायनं फुंकणीच उगारली होती. "सांगून जायले काय झालं होतं? का जीभ खरंच मांजरीनं नेली?" अन् तुमी हसले. साजिदनं स्वतः पाह्यलं. मॅडमले सांगतलं तर त्या म्हणल्या, "का हसले, ते सांग." म्हणलं, मॅडम, आज नाही सांगत.

काल तुमचं कार्ड आलं. मी ते वर्गात वाचलं नाही. कोणालेच दाखवलं नाही. इथं उतरवतो, कारण मले ते माह्या हातानं एकदा लिहायचं आहे:

खोल इहीर, तुटका दोर, गड्यानं मारली हाक,
हासत राह्यलो काठावर म्या, झाली त्याची राख.
आता पोरगं हाक मारते, उभा त्याच्याच काठी,
धोतर सुटलं तं सुटू दे, दोर बांधला पाठी!

अन् खाली: "तुहं दुसरं पत्र भेटलं. नाव कटत नाही ते समजलं. तरी उत्तर घे. बाकी तोरनाखाली, पत्रानं चालनार नाही. तुहा बाप."

मी इहिरीत नाही असं लिहायले बसलो होतो. दोन कागद फाडले. खरं म्हणजे पूर्ण वरही नाही बाबा. रात्रंदिवस गावाकडच्या फोनाच्या भेवानं मी जसा जगून राहिलो, तो माणूस वर उभा आहे असं कोण म्हणेल? तुमी म्हणता उतरून राहिलो, तर उतरा. मी तिथंच आहे. अन् तुमीही तिथंच आहे, हे आपल्या दोघायले आता मालूम आहे.

मॅडमकडून सुट्टी घेतली. परीक्षेचा प्रयोग पोळ्याच्याच आठवड्यात आहे, मी म्हणलं माहा नंतर घ्या, नाही तर नका घेऊ. त्या म्हणल्या, "जा. आणि तिथं हसवायला जाऊ नकोस, फक्त उत्तर दे."

उत्तर माह्याकडं अजून नाही. गाडीत जुळवीन. काकाची जागा या वर्षीही मोकळीच ठेवायले सांगा, तिथं मी उभा राहतो. काकासारखं पोट नाही काढणार, आवाज नाही काढणार. माह्याच आवाजात बोलीन.

गाडी बडनेऱ्याले सकाऊन येते, साजिद गाडी घेऊन उभा राहणार आहे. तरी मले भेव वाटते. गाड्या रखडतात, पूल पाण्याखाली जातात, अन् आपल्या वेशीतले पोरं उतावीळ आहेत. नत्थुजीच्या गोऱ्ह्याचे शिंगं आता वाढले असतील, त्याले मागं बांधायले सांगा. दोराच्या दोन्ही टोकाले भरवशाचे माणसं उभे करा. एका टोकाले तुमी उभे राहा. पोरायनं ओढलं तर शिव्या द्या, यमकात द्या, पण दोर सोडू नका.

मी येईस्तोवर तोरण तुटू देऊ नका.

अवधूत